पाचशे ताटं

करिष्माचं लग्न ठरलं तेव्हा बोरखाप्याला नळ एक दिवसाआड येत होता. तारीख जवळ आली तसा तो पाचव्या दिवशी यायला लागला, तोही अर्ध्या तासापुरता, आणि त्यातली पहिली पाच मिनिटं नुसता फुसफुसायचा.

करिष्माच्या आईचं, वच्छलाबाईचं, त्याने फारसं अडलं नाही. तिच्या घरातलं पाणी दोन कामं केल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. तांदूळ धुतलेलं बकरीला, कपडे खळबळलेलं संडासाला, भांड्यांचं अंगणातल्या केळीला. भांडी ती चुलीच्या राखेने घासायची. राख आधी चाळून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. जुन्या लुगड्यांच्या वाकळी, नवऱ्याच्या फाटक्या पँटच्या पिशव्या. तिच्या आईकडे असंच होतं, सासूकडेही असंच होतं. मग गावात एकेकाने सोडलं आणि ती एकटीच उरली, तेव्हा लोकांना ते दिसायला लागलं.

मौद्याच्या रस्त्याला मिरचीचा सातरा होता. तिथे उघड्यावर मिरची वाळायची आणि चाळीस बाया दिवसभर बसून देठ खुडायच्या. वच्छलाबाई गेली की कोणीतरी म्हणायचंच, "राखवाली आली वं. सरका, जागा द्या."

"साबन घेतला तं जीव जाते का तुहा?"

"राख कमी पडली तं सांगजो. मौद्याहून ट्रक भरून आनू."

वच्छलाबाईही हसायची. करिष्माला मात्र ते लागायचं. ती चोवीस वर्षांची, मौद्याच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने घ्यायची आणि नोंद करायची. तिच्या मैत्रिणी घरी येणार असल्या की ती राखेचा डबा मोरीच्या मागे सरकवून ठेवायची. आईने ते दोनदा पाहिलं होतं.

एप्रिलमध्ये गावात एक मोठं लग्न झालं. जेवणावळ आटोपली आणि थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे ग्लास ट्रॅक्टरमध्ये भरून वच्छलाबाईच्या घरामागच्या बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, काठावर रिकामे केले. बोडीत आधीच घोट्याएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि सगळं पांढरं पांढरं अंगणात आलं.

सातऱ्यावरून परतल्यावर तिला बकरी दिसली. मान ताणून उभी होती, पोट आत-बाहेर होत होतं आणि आवाज निघत नव्हता. वच्छलाबाईने तिला दोन गुडघ्यांत दाबली, जबडा उघडला आणि हात आत घातला. दिवसभर मिरचीत राबलेला हात. बकरी तडफडली. बोटांना काहीतरी कडक लागलं. खेचलं तर चुरगळलेला ग्लास निघाला, लाळेने आणि थोड्या रक्ताने माखलेला.

शेजारची जया कुंपणापाशी धावत आली होती. ती बचत गटाची सचिव. "वाचली का वं?"

"वाचली." वच्छलाबाई तशीच मातीत बसून राहिली. ग्लास हातात होता. मग म्हणाली, "जया, माह्या पोरीच्या लग्नात हे नाही होनार."

"मंग खातीन कायच्यात लोकं?"

"ताटात."

तीन दिवस दोघींनी काठावरून प्लेटा वेचल्या. जाणारे-येणारे थांबून पाहत. एकाने विचारलं, पंचायतीनं कामावर ठेवलं का?

*

गोष्ट आनंदरावांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. ते वच्छलाबाईच्या नवऱ्याचे, नत्थूजींचे, थोरले भाऊ, बहात्तर वर्षांचे. समाजात त्यांच्या शब्दाला मान होता. संध्याकाळी ते अंगणात येऊन खाटेवर बसले. नत्थूजी गवंडीकामावरून नुकतेच आले होते, कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं. वच्छलाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि दाराशी बसली.

"वच्छला, ऐकलं ते खरं हाये का? लग्नात ताटं ठेवतं म्हनतं?"

"हो, मोठे बाबा." पोरं म्हणत तेच तीही म्हणायची.

"अन् धुईन कोन?"

"आमी गटाच्या बाया आहो ना."

आनंदराव भावाकडे वळले. "नत्थू, तुले मालूम नाही, तू झाला नव्हता. आपला बाप मालगुजाराच्या घरी लग्न असलं का अंधार पडेपर्यंत उष्ट्या पत्रावळी उचले. छप्पनले नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. पुढच्या लग्नाले मालगुजाराचा मानूस बोलवाले आला तं बापानं सांगतलं, आता नाही. दोन महिने विहिरीवर पानी भरू देल्लं नाही आमाले. माय नाल्यात झिरा खोदून पानी आने. मी पाच वर्साचा होतो. तिच्या मांगं मांगं जाओ."

आनंदरावांचा हात काठीवर घट्ट झाला होता.

"अन् आता माह्या भावाच्या पोरीच्या लग्नात आपल्याच बाया पाचशे लोकायची उष्टी ताटं घासतीन. अन् तू त्याले चांगलं म्हनतं."

वच्छलाबाई चहा ठेवायला उठली. आनंदराव तो न पिताच गेले.

नत्थूजींनी हात धुतले, तिनं धरलेल्या घमेल्यातच. "दादाचं खोटं नाही," ते म्हणाले. "अन् पानी कुठून आनशीन? प्लेटा फेकल्या तं पानी तं वाचते."

हाही प्रश्न खरा होता.

दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर दुपारी बाया जेवल्या. जेवून एकेक उठली, ड्रमपाशी गेली, तांब्याभर पाण्यात आपला डबा धुऊन आली. मुकादमही आला, त्यानेही आपला डबा धुतला, झटकला, पिशवीत टाकला. वच्छलाबाईच्या हातात तिचा डबा तसाच होता. ती बघत राहिली. मागची बाई म्हणाली, "सरक ना वं, झोपली का?"

परतताना ती घरी न जाता आनंदरावांकडेच गेली. ओसरीच्या पायरीशी उभी राहून बोलली.

"मोठे बाबा, सातऱ्यावर आमी चाळीस बाया जेवतो. आपला डबा आपन धुतो. मुकादमही आपला आपनच धुते. त्यात कोनाची इज्जत जात नाही. तुमच्या बाबाजीले दुसऱ्याचं उचलाले लावत होते, तो अपमान होता. लग्नात बाया ताटं नाही धुवनार. ज्यानं खाल्लं त्यानं धुवाचं."

"नवरदेवाचा बापही?"

"तोही. अन् तुमीही."

इतकं सरळ ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बोलनं सोपं हाये, बाई. लोकं उष्टं ताट घेऊन उभे राहतीन ना, तवा पाह्यजो."

पाण्याचा हिशोब रविवारी झाला. जयाने आपल्याकडची आणि शेजारची मिळून तीस ताटं आणली, मुद्दाम वरणाने खरकटी करून. अंगणात दोन टब. आधी नारळाच्या शेंडीने कोरडी राख फिरवायची म्हणजे तेल निघतं, मग पहिल्या टबात बुडवायचं, मग दुसऱ्यात. तीस ताटांनंतर पहिला टब गढूळ झाला. तो केळीला ओतला, दुसरा पहिल्याच्या जागी सरकवला, नवा एक भरला. नत्थूजी खाटेवर बसून बघत होते. एक ताट उचलून त्यांनी उन्हात तिरपं धरलं, बोट फिरवलं. बोट कोरडं करकरीत वाजलं.

"पाचशेले चार ड्रम पुरतीन," ते म्हणाले. "मी ज्या वावरात बांधकाम करून राहिलो, तिथच्या विहिरीले पानी हाये. बैलबंडीनं आनू."

वच्छलाबाईने जयाकडे पाहिलं. जया हसू दाबत टब विसळत होती.

*

आठवडाभराने व्याही आले. वामनराव नागपूरच्या नंदनवनचे, तिथे त्यांचं हार्डवेअरचं दुकान. सोबत मुलगा विहंग, तो बँकेत. मांडव कुठे, गाड्या कुठे लावायच्या ते बघायला आले होते. करिष्माने सकाळीच राखेचा डबा मोरीमागे लपवला होता.

पाण्याचे ग्लास समोर ठेवले. वामनरावांनी ग्लास बाजूला सारला आणि गाडीतून सीलबंद बाटली मागवली. "पोट नाजूक आहे जरा," ते म्हणाले. सगळं बघून झालं, मग त्यांनी विषय काढला.

"इहीनबाई, मी ऐकलं का पाहुण्यांनी ताटं धुवायची. मजाक आहे ना?"

"नाही," वच्छलाबाई म्हणाली.

वामनराव हसले. "अहो, माझ्याकडचे लोक येऊन राहिले. साहेब लोक आहेत, दुकानदार आहेत. त्यांना म्हणू का, जेवा अन् भांडी घासा? टेन्शन नका घेऊ. परवडत नसन तर प्लेटा अन् पाण्याच्या बाटल्या मी पाठवतो. एक फोन करायचा."

परवडत नसेल तर. नत्थूजींनी मान खाली घातली. वच्छलाबाईने हातातली चहाची बशी त्यांच्यापुढे ठेवली. दोघंही मुलीचे आईबाप होते, आणि लग्न पंधरा दिवसांवर होतं.

करिष्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला बापाची वाकलेली मान दिसली, उन्हाने रापलेली. ती बाहेर आली.

"काका, प्रश्न परवडायचा नाही. मी लॅबमध्ये रोज दुसऱ्यायच्या लघवीच्या बाटल्या हातात घेते. मले त्याची लाज नाही वाटत, तुमालेही नाही वाटली, म्हनून तं मले पसंत केलं. मंग आपन जेवलेलं ताट धुवाची लाज काहून वाटावी?"

विहंगने चेहरा वळवला. हसला की काय ते कळलं नाही. वामनराव उठले. "पोरगी बोलकी आहे," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. विहंग दारात घुटमळला, करिष्माकडे पाहून मगच गाडीकडे गेला.

गाडी गेल्यावर करिष्माने मोरीमागचा डबा काढून ओट्यावर, समोरच ठेवला. मग तिला रडू आलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मिरचीचा हात होता, म्हणून डोळे पुसले नाहीत.

दोन दिवस फोन आला नाही. नत्थूजी कामावर मोबाइल खिशात न ठेवता विटांच्या थप्पीवर, डोळ्यांसमोर ठेवायचे. जेवण अर्धं टाकून उठायचे. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. वामनरावांचा.

"लग्न ठरल्या दिवशी होईल. विहंगचीही तीच जिद आहे. पण माझ्या लोकांसाठी प्लेटा मी घेऊन येईन. त्यात तुम्ही बोलायचं नाही."

"या," नत्थूजी म्हणाले. "तुमचंच घर हाये."

*

मग काम सुरू झालं. लग्न गावातल्या बुद्धविहारात होतं; तिथल्या आवारात नत्थूजींनी धुण्याचा ओटा बांधायला घेतला. दिवसभर दुसऱ्याच्या भिंती रचून यायचे आणि ऊन उतरल्यावर इथे. वीस फूट लांब, कमरेइतका उंच. उंच कशाला, असं जयाने विचारलं तर म्हणाले, "पाहुन्या बाया भारी साड्या नेसून येतीन. वाकाव नाही लागाव, पदर ओला नाही व्हावा." ओट्याला त्यांनी बोटभर ढाळ दिला आणि पाणी पाटाने थेट आवारातल्या झाडांच्या आळ्यांत सोडलं. हातावर पाणी ओतून ओतून ढाळ तपासला. एका जागी पाणी थबकत होतं, तर तो दोन फुटांचा तुकडा उखडून पुन्हा केला.

जया आणि वच्छलाबाई घरोघर ताटं मागत हिंडल्या. पहिल्या दिवशी तीन घरांनी नाही म्हटलं. एकीने दार उघडून "राखवालीचं लगन" म्हणून आत हाक दिली. पण हळूहळू ताटं निघाली. प्रत्येक ताटावर काही ना काही कोरलेलं होतं. मामाकडून सप्रेम. आजोबांच्या स्मरणार्थ. एका ताटावर फक्त 'सुमन', आणि ती सुमन कोण ते त्या घरात कोणालाच आठवेना. जयाने वहीत नोंद केली. सत्तर घरांची पाचशे बारा ताटं झाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं. चार ड्रम भरून गोणपाटाखाली झाकले होते. करिष्मा पांढऱ्या साडीत विहारात आली. वंदना झाली, एकमेकांना हार घातले, टाळ्या झाल्या. बाराला पंगत सुरू झाली. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी, मठ्ठा. वामनरावांचा माणूस एका बाजूला टेबल लावून प्लेटांचं खोकं घेऊन बसला होता. त्यांच्याकडच्या चाळीस-पन्नास लोकांनी त्यातून प्लेटा घेतल्या.

पहिली पंगत उठली आणि सगळे थबकले. लोक उष्टं ताट हातात घेऊन उभे राहिले. आनंदराव म्हणाले होते तसंच. एकमेकांकडे बघत होते. एक-दोघांनी ताट खुर्चीखाली सरकवलं. वच्छलाबाईने पदर खोचला आणि ती पुढे निघाली, आपणच सुरुवात करावी म्हणून. पण काठी टेकत कोणीतरी तिच्या आधी ओट्याशी पोहोचलं होतं.

आनंदरावांनी काठी ओट्याला टेकवली. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, दोन्ही सारख्या, सावकाश. राखेची चिमूट घेतली, शेंडी फिरवली. पहिला टब, दुसरा टब. ताट झटकून उन्हात उभं केलं. आवारात सगळे बघत होते. नत्थूजी तर हात जोडल्यासारखे उभे होते.

मग मालगुजाराचा नातू अभिजीत उठला. त्याच घरातला. गावात आता त्याचं कृषी केंद्र होतं आणि आमंत्रण आलं तसा तो जेवायला आला होता. ताट घेऊन तो ओट्यापाशी गेला आणि अडखळला. राख कुठून घ्यायची ते त्याला कळेना. आनंदराव जरासे बाजूला सरकले, त्याला जागा करून दिली, आणि राखेची थाळी त्याच्यापुढे सारली. दोघं शेजारी शेजारी उभे होते. अभिजीतचं ताट नीट निघालं नव्हतं, तेलाचा ओघळ राहिला होता. आनंदरावांनी बोटाने तो दाखवला. अभिजीतने पुन्हा घासलं.

त्यानंतर ओट्यावर रांग लागली. खुर्चीखालची ताटंही निघाली. करिष्मा आणि विहंग हार काढून आले. विहंगला जमत होतं; बँकेत लागायच्या आधी खोली करून राहत होता, असं म्हणाला. बाया ताटांवरची नावं वाचत, "हे तं माह्या मावशीचं वं," म्हणून ओरडत होत्या.

दुसऱ्या बाजूला वामनरावांचे लोक उष्ट्या प्लेटा घेऊन हिंडत होते. वामनराव स्वतः प्लेट धरून उभे, वरण अंगठ्यावरून ओघळून मनगटापर्यंत आलेलं. "अहो, हे टाकायचं कुठं?"

जया जवळच होती. "टाकाची जागा नाही ठेवली, साहेब. गावाची बोडी होती, ती आमीच साफ केली. तुमचं सामान हाये, खोक्यात भरून घेऊन जा."

वामनराव चिडले असते. पण तेवढ्यात त्यांची बायको कौसल्याबाई हातात स्टीलचं ताट घेऊन ओट्याकडे चाललेली त्यांना दिसली. आपल्याच टेबलावरून तिने प्लेट घेतलीच नव्हती. तिने राख घेतली आणि ताट असं फिरवलं की बाजूची पोर बघत राहिली.

"किती वर्षांनी," ती वच्छलाबाईला म्हणाली. "माह्या मायनं शिकवलं होतं. लग्न होऊन शहरात आलो अन् पहिल्याच दिवशी सासूबाईनं राख फेकून देल्ली. गावंढळ दिसते म्हने." ताट तिने उन्हात धरलं. "हात नाही विसरले पन."

प्लेटांचं खोकं वऱ्हाडाच्या बसमध्ये, मागच्या सीटखाली परत गेलं. चौथा ड्रम अर्धा शिल्लक होता. संध्याकाळी पोरीला वाटे लावून आल्यावर वच्छलाबाई ओट्याच्या कडेला बसली. नत्थूजी तिच्याजवळ बसले. आनंदराव घरी जाताना तिथे थांबले.

"वच्छला," ते म्हणाले, "माहा बाप आज पाहाले पायजे होता." आणि काठी टेकत निघून गेले.

पाचव्या दिवशी ती सातऱ्यावर होती. मिरचीच्या ढिगाऱ्यात मोबाइल वाजला. नंदनवनहून कौसल्याबाई बोलत होत्या. रविवारी तिकडे स्वागत समारंभ होता, सोसायटीच्या आवारात, तीनशे लोकांचा. सोसायटीतल्या बायांनी ताटं जमवली होती. पण राख कोणाकडे नव्हती आणि पद्धत कोणाला येत नव्हती.

"अन् ईवाईबुवा?" वच्छलाबाईने विचारलं.

"त्यायनंच दुकानातून टब काढून ठेवले." पलीकडे कौसल्याबाई हसल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "इहीनबाई, तुमी याल का? मले सांगाले कसंतरीच वाटून राहिलं. तुमाले भांड्याले बोलावलं असं नका समजू."

आजूबाजूच्या बायांचे हात थांबले होते. देठ खुडायचं सोडून सगळ्या ऐकत होत्या. वच्छलाबाई ताठ बसली.

"येतो ना," ती म्हणाली. "मी, जया अन् गटाच्या दोघी. राख चाळून आनतो. पन एक सांगतो, इहीनबाई, आमाले खुर्च्या ठेवजा. आमी बसून सांगू. तुमच्या बाया उभ्या राहून शिकतीन."

रविवारी सकाळी सातच्या बसला चौघी मौद्याच्या स्टँडवर उभ्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. कंडक्टरने गाठोड्याकडे बोट दाखवून विचारलं, "काय आहे वं, मावशी? तांदूळ का?"

"राख," वच्छलाबाई मोठ्याने म्हणाली, साऱ्या बसला ऐकू जाईल असं, आणि गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.